आईसाठी एक तास : भेट कुपनांच्या प्रकल्प नोंदी

२५ ऑगस्ट २०२५, सोमवार

परवा गणपती बसतील. एकदा ते बसले की कुणालाच फुरसत नाही, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी दिवाळीचं काम हातात घेतलं.

काम असं की मालिशीची भेट कुपनं काढायची. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर मुली-सुना विचारत येतात, "आईला द्यायचंय, तुमच्याकडे काही कार्ड वगैरे असतं का?" आजवर कोऱ्या कागदावर तारीख घालून सही करून दिली. यंदा छापील कुपन, क्रमांक, नोंदवही, सगळं रीतसर करायचं आहे.

आपलं केंद्र कोथरूडमध्ये तळमजल्यावर. दोन खोल्या, दोन टेबलं, मालिश करणाऱ्या तीन मावशी आणि मी. येणाऱ्या बायकाच, करणाऱ्याही बायकाच. अंगभर अभ्यंग, पाठ-खांद्याची मालिश, डोक्याची मालिश, आणि घरी जाऊन बाळंतिणीची मालिश. याच्या पलीकडे काही नाही, आणि वाढवायचंही नाही.

एक गोष्ट कामाला लागण्याआधीच लिहून ठेवते. या धंद्यातली जाणती माणसं सांगतात की भेट कुपनांतली काही कधी वापरलीच जात नाहीत आणि त्यातच खरी कमाई असते. मला ती कमाई नको. जिच्या नावाने पैसे घेतले तिच्या अंगाला तेल लागलं पाहिजे. कुपन विकलं म्हणजे काम अर्धं झालं. ती बाई टेबलावरून उठून चहा पिऊन घरी गेली म्हणजे पूर्ण. सगळी आखणी याच हिशोबाने करायची.

८ सप्टेंबर, सोमवार

आजपासून पितृपक्ष. या पंधरवड्यात छपाईला काही टाकायचं नाही असं थोरल्या मावशींचं म्हणणं, आणि मलाही घाई नाही. ठरवाठरवी मात्र करता येते.

पहिला प्रश्न: कुपनावर रक्कम छापायची की सेवा? म्हणजे "रुपये १,२०० चे कुपन" की "एक तासाची अभ्यंग मालिश"?

रकमेचं कुपन विकणाऱ्याला सोयीचं. दर वाढले तरी त्रास नाही, घेणारी हवं ते निवडते. पण आपल्याकडे येणाऱ्या आया मी ओळखते. बाराशे आकडा दिसला की पहिलं वाक्य येतं, "एवढ्यात माझी महिन्याची भाजी होते." मग ते कुपन परत कसं करता येईल याचा विचार सुरू होतो. आकडा नसेल तर एक तास मालिश एवढंच समोर राहतं. आहेराच्या पाकिटावरही आपण आत किती ते लिहीत नाही. म्हणून कुपनावर फक्त सेवा, किंमत स्थळप्रतीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या भागावर. देणारीच्या पावतीवर रक्कम असेल, घेणारीच्या हातात जाणाऱ्या भागावर नाही.

दर वाढले तर फरक आपण सोसायचा. वर्षभरात फार तर शंभर रुपयांचा प्रश्न आहे आणि तो घेणारीपाशी काढायला मला जमणार नाही.

दुसरा प्रश्न मावशींनी काढला, आणि तो फार रास्त आहे. नेहमीच्या बायका निघताना मावशींच्या हातात वीस-पन्नास रुपये ठेवतात. कुपन घेऊन येणारी बाई पर्स न घेताच येते, कारण "सगळं दिलेलं आहे". धाकट्या मावशी म्हणाल्या, "ताई, काम तेवढंच, पण कुपनवालीकडून हातात काही नाही." कागदावरच्या कुपनांचा त्यांचा अनुभव आहे हा.

म्हणून किंमत अशी: अभ्यंग १,२०० रुपये, कुपन १,२५१. वरचे पन्नास मावशींचे, मालिश करणारीच्या हातात, त्याच दिवशी. वरचा रुपया आहेराचा. लोकांना तो लागतोच. विकत घेणारीला हे स्पष्ट सांगायचं की मावशींची बक्षिसी यात आहे, म्हणजे आईला खाली संकोच नको. मावशींचा मालिशमागचा ठरलेला मोबदला आहे तो वेगळा. तोही मालिश झाल्यावरच, विक्रीच्या दिवशी नाही. तिघींना मान्य.

१५ सप्टेंबर, सोमवार

आमचे सीए काका यांच्याकडे गेले. तासभर बसून सगळं समजून घेतलं.

जीएसटी: सेवेच्या व्यवसायाला महाराष्ट्रात वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. आपण त्याच्या बरेच खाली. नोंदणी नाही म्हणजे ग्राहकाकडून जीएसटी घ्यायचाही नाही, बिलावर तो शब्दही नको. तरी पुढे कधी नोंदणी करावी लागली तर काय, हे विचारून ठेवलं. व्हाउचरवर, म्हणजे अशा कुपनांवर, कर कधी, विकताना की वापरताना, हा घोळ बरीच वर्षं होता. ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने खुलासा झाला की व्हाउचरचा व्यवहार हा स्वतः वस्तूचा किंवा सेवेचा पुरवठा नाही. कर लागतो तो त्यामागच्या सेवेला. आणि येत्या २२ तारखेपासून सलून, जिम, योग, शारीरिक स्वास्थ्य या सेवांवरचा दर १८ वरून ५ टक्के होतोय, मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळणार नाही.

रिझर्व्ह बँक: मला भीती होती की आगाऊ पैसे घेऊन कुपन देणं म्हणजे परवानगीचं काम. तसं नाही. आपणच काढलेलं, फक्त आपल्याच सेवेसाठी चालणारं, ज्यातून रोख काढता येत नाही असं कुपन बंदिस्त प्रकारात मोडतं आणि त्याला मंजुरी लागत नाही. पण दुसऱ्याच्या दुकानात ते चालायला लागलं की गोष्ट बदलते. हे कळलं ते बरं झालं. पलीकडच्या पार्लरवाल्या ताईंनी एकच कुपन दोन्हीकडे चालवू या असं सुचवलं होतं. कल्पना छान, पण आपल्या आवाक्यातली नाही. त्यांना आज संध्याकाळी जाऊन सांगितलं. त्यांनी मनावर घेतलं नाही. आपापली कुपनं एकमेकींच्या काउंटरवर ठेवायची असं ठरलं.

मला एक गोष्ट सोडवून हवी होती. घेणारीची तब्येतच अशी निघाली की मालिश करणं योग्य नाही, तर? काका म्हणाले, कुपन आणणारीच्या हातात रोख द्यायची नाही. मूळ विक्री रद्द करायची आणि ज्या खात्यातून पैसे आले तिथे पूर्ण परत पाठवायचे. हे मला पटलं.

शेवटी त्यांनी वहीत एक वाक्य लिहून दिलं: विकलेलं, न वापरलेलं कुपन हे देणं आहे, उत्पन्न नव्हे. वेगळ्या बँक खात्याचा अर्ज उद्याच करते. कुपनाचे पैसे त्या खात्यात जातील, मालिश झाली की तेवढे मुख्य खात्यात येतील. भाडं थकलं तरी त्या खात्याला हात लावायचा नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

कुपनासोबत द्यायच्या चिठ्ठीचा मजकूर. दोन दिवस यावरच गेले, आणि माझ्या मते या सगळ्या कामातला हाच सर्वांत महत्त्वाचा कागद आहे.

जी स्वतःहून मालिशीला येते तिने मनाची तयारी केलेली असते. जिला भेट मिळाली तिची नसते. शिवाय मसाज या शब्दाभोवती जे वाईट चिकटलेलं आहे ते आपण पुसू शकत नाही. साठीतल्या बाईला त्या पाटीखाली आत शिरतानाच कसंतरी होतं. फोनवर बायका आवाज खाली करून एकच विचारतात: कपडे किती काढायचे? हा प्रश्न विचारायचीच वेळ येऊ नये. म्हणून चिठ्ठीत सरळ लिहिलं:

"मालिश बाईच करतील. खोलीत तुम्ही आणि त्या, तिसरं कोणी नसेल. दाराला आतून कडी आहे. अंगावर काय ठेवायचं ते तुम्ही ठरवायचं. ज्या हातापायाची मालिश चालू असेल तेवढाच भाग उघडा, बाकी अंगावर सुती चादर. पालथं झोपता येत नसेल तर कुशीवर किंवा बसून करू. दाब जास्त वाटला तर लगेच सांगा. नको वाटलं तर मध्येच थांबवा, कुणाला वाईट वाटणार नाही. तेल लाकडी घाण्याचं तिळाचं, कोमट केलेलं. नंतर वाफ आणि गरम पाण्याची अंघोळ. घरचा जुना गाऊन आणि आतले कपडे आणा. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या."

खाली तब्येतीची विचारणा. देणारीला आईच्या सगळ्या गोष्टी माहीत असतातच असं नाही, म्हणून हे घेणारीलाच विचारायचं. ताप आहे का. गेल्या काही महिन्यांत पडलात का, ऑपरेशन झालं का. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का. हाडं ठिसूळ आहेत असं डॉक्टरांनी सांगितलंय का. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालीये का. गरोदर आहात का. आणि एक ठळक अक्षरात: एकाच पायाची पोटरी सुजून दुखते आहे का? असं असेल तर मालिश नाही, आधी डॉक्टर. शिरेत गुठळी असली तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मावशींनाही हे पुन्हा समजावलं. थोरल्या मावशींना ते हाताला कळतं, पण विचारायची सवय तिघींना हवी.

अक्षर मोठं घ्यायचं. चष्मा न शोधता वाचता आलं पाहिजे. दोन पानं झाली तरी चालतील.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. मजकूर छापखान्यात दिला. नारायण पेठेतला जुना छापखाना, कामाला चोख. जाड आर्ट कार्ड, पावतीपुस्तकासारखी बांधणी, डावीकडे स्थळप्रत, मध्ये फाडायची रेघ, दोन्हीकडे एकच क्रमांक. त्यांनी विचारलं, सोनेरी एम्बॉसिंग करू का? नको म्हटलं. झेंडूच्या रंगाची एक बारीक चौकट आणि मोठ्या अक्षरात "एक तासाची अभ्यंग मालिश". खाली "विक्रीपासून एक वर्ष". वर्ष उलटल्यावर कुणी आलं तरी परत पाठवायचं नाही हे आमचं आतलं धोरण. पण मुदत छापली नाही तर कुपन कायमचं कपाटात राहतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

किती विकायची? याचं उत्तर टेबलांवर आहे, मागणीवर नाही.

मालिश एक तास, वाफ-अंघोळ-कपडे आणि खोली पुसून चादर बदलणं मिळून अर्धा तास. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच म्हणजे एका टेबलावर पाच वेळा, दोन टेबलांवर दहा. त्यातल्या सहा-सात जागा नेहमीच्या बायकांच्या. थंडीत तर त्या आणखी वाढतात. गुडघे नोव्हेंबरपासूनच बोलायला लागतात. म्हणजे कुपनांसाठी दिवसाला तीन जागा धरायच्या. सोमवार सोडून महिन्याला सत्तर-पंच्याहत्तर. दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांत सगळ्या आल्या तरी पुरलं पाहिजे, शिवाय एखाद्या मावशी आजारी पडणार, कुणाच्या घरी कार्य निघणार हे धरून १२० हा आकडा पक्का केला. एकशे एकविसावं कुपन विकायचं नाही. मैत्रीण म्हणाली, सगळ्या थोड्याच येतात! याच समजुतीवर आपण चालायचं नाही असं ठरवलेलं आहे.

एका मालिशीला साधारण ६० मिली तेल. त्या हिशोबाने घाणेवाल्याला आगाऊ सांगून ठेवलं. पंचे आणखी दोन डझन लागतील. तेलकट पंचे गरम पाण्यात सोडा घालून भिजवल्याशिवाय वास जात नाही आणि थंडीत ते वाळायला दीड दिवस घेतात.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सकाळी टेबलांची, तेलाच्या पातेल्यांची, पंच्यांच्या कपाटाची पूजा केली. कुपनाच्या पुस्तकालाही हळदकुंकू वाहिलं. ११ वाजता पहिलं कुपन गेलं. शेजारच्या सोसायटीतली मुलगी, बँकेत नोकरी, सासूबाईंसाठी. म्हणाली, "त्यांनी माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला स्वतःच्या हाताने तेल लावलं. त्यांना कुणी लावलेलं मी कधी पाहिलं नाही."

हे वाक्य मावशींना वाचून दाखवलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतून विचारणा, बाणेरची. महिला कर्मचाऱ्यांना मिठाईऐवजी काही वेगळं द्यायचं आहे, तीस कुपनं. एचआरमधली मुलगी उत्साही होती, पण तिचे वरिष्ठ मालिश म्हटल्यावर बिचकले. यात त्यांचा दोष मी धरत नाही. त्यांना कागद हवे होते. आपल्याकडे कामगार मोजकेच, त्यामुळे २०१७ च्या दुकाने कायद्याप्रमाणे नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. त्या सूचनेची पावती, चिठ्ठीचा मजकूर आणि दोन्ही खोल्यांचे फोटो पाठवले. "आमच्या ऑफिसातल्या दोघींना येऊन बघू द्या" असंही म्हणाले. या की! दोघी आल्या, वाफेची पेटी बघितली, मावशींशी गप्पा मारल्या, थोरल्या मावशींनी एकीच्या मानेवर नुसता अंगठा ठेवला तर ती म्हणाली, "तिथेच, तिथेच."

त्यांच्या अकाउंटंटने जीएसटी बिल मागितलं. नोंदणी नसल्याने साधं बिल मिळेल हे कळवलं, चाललं. त्यानेच सांगितलं की २०२५ च्या नियमाप्रमाणे कंपनीकडून वर्षाला पाच हजारांच्या आतली भेट वस्तू किंवा व्हाउचर रूपात असेल तर कर्मचाऱ्याच्या पगारात करासाठी धरत नाहीत. रोख दिली तर धरतात. इतर ऑफिसांना सांगायला हे उपयोगी आहे.

अट मी एक घातली. तिसांपैकी प्रत्येकीने ते आईला, सासूला, कामवाल्या ताईंना, कुणालाही दिलं तरी चालेल. नाव आपण कुपनावर घालत नाही, फक्त वहीत.

१३ ऑक्टोबर, सोमवार

परदेशातून फोन. अपेक्षा होतीच, पण इतके येतील असं नव्हतं. पुण्यात या भागात घराघरांत आई-वडील इथे आणि मुलं तिकडे. रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो, "काकू, आईसाठी दिवाळीला काहीतरी पाठवायचं होतं." अमेरिका, दुबई, सिंगापूरवाल्यांना तिथल्या नंबरवर एनआरओ खात्याचं, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांच्या इथल्या बँक खात्याचं, यूपीआय चालतं, त्यामुळे पैसे दोन मिनिटांत. जर्मनीतल्या एका मुलाने पुण्यातल्या मावसभावाकडून भरवले.

यांच्या बाबतीत खरी अडचण पैशांची नाही. मुलगा तिकडे, आई इकडे एकटी, आणि तिला केंद्रापर्यंत कोण आणणार? डहाणूकर कॉलनीतल्या आजींना दोन जिने उतरायचे, रिक्षा मिळवायची, नंतर तेलकट केसांनी परत जायचं. हे सगळं मनात आलं की त्या म्हणतात, "पुढच्या महिन्यात बघू."

म्हणून आजपासून विक्रीची पद्धत बदलली. कुपन देण्याआधी विचारायचं: दिवस कोणता? वेळ? आणायला कोण? उत्तर नसेल तर आपण सुचवायचं. ओळखीचे एक रिक्षावाले काका आहेत, सकाळी शाळेची मुलं सोडून मोकळे असतात. ने-आणचं भाडं देणाऱ्याकडून आधीच घ्यायचं, वेगळं लिहून. वहीत दोन रकाने वाढवले: ठरलेला दिवस, आणणारं माणूस. ठरलेली वेळ पेनाने कुपनाच्या मागे लिहायची. "६ नोव्हेंबर, सकाळी ११, रिक्षा पावणेअकराला दारात" असं लिहिलेलं कुपन आणि कोरं कुपन यांत फार फरक आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर कुपनाचा फोटो पाठवायची मागणी होती. फोटो दोन जणींकडे जाऊ शकतो, त्यामुळे क्रमांक वहीत छाटला की संपलं. कागद आणा किंवा फोटो दाखवा. शक्य तिथे मात्र मी स्कूटरवरून कागदच नेऊन देते. मुलाच्या नावाची भेट आईच्या हातात माणसाने द्यावी.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. गर्दी. कुपनासोबत उटण्याची पुडी ठेवली. सोमवारी नरकचतुर्दशी, पहाटेच्या अभ्यंगस्नानाच्या वेळेला मालिश मिळेल का असं कितीतरी जणींनी विचारलं. नाही. त्या पहाटे मावशी आपापल्या घरी आपल्या मुलांना तेल-उटणं लावणार. केंद्र पाडव्यापर्यंत बंद.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज काल झाली. सर्वांत जास्त कुपनं पाडव्याच्या आदल्या दिवशी फोनवर आणि भाऊबीजेच्या सकाळी गेली. भाऊ शेवटच्या क्षणी जागे होतात! एकाने तीन बहिणींसाठी तीन घेतली आणि तिघींना एकाच दिवशी यायचं होतं. दोन टेबलं आहेत हे सांगितलं. तिसरी डोक्याची मालिश बसून घेईल, मग अदलाबदल. जमवलं.

एकूण ९७ विकली. वेगळ्या खात्यातली शिल्लक वहीशी ताडून बघितली, जुळली. छपाई, पंचे, चिठ्ठ्या यांचा खर्च मुख्य खात्यातून. आजच्या तारखेला हातात नफा काहीच नाही, सत्त्याण्णव तास देणं आहे. मला हे असंच बरोबर वाटतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तुळशीचं लग्न झालं, आता येऊ लागल्या.

जर्मनीतल्या मुलाच्या आई आज ठरल्या वेळी आल्या. वय ७१. टेबल उंच वाटलं, खाली पाट ठेवला. पालथं झोपवत नाही म्हणाल्या, कुशीवर केलं. मावशींनी तळपायापासून सुरुवात केली, कारण लाज वाटणाऱ्या बाईला पाय पुढे करणं सोपं जातं. हे मावशींचं शहाणपण, मी कुठे शिकवलेलं नाही. अर्ध्या तासाने बाहेर ऐकू आलं तर आजी मावशींच्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी करत होत्या.

जाताना त्यांनी विचारलं, "याला किती पैसे घेता हो?" मी म्हटलं, "मुलाला विचारा." हसल्या. मुलाला मेसेज केला की आई आल्या होत्या, छान झालं. फोटो मागितला त्याने. फोटो आपण कुणाचेच काढत नाही. आजींनी चहा घेतला, एवढं कळवलं.

एका बाईंना परत पाठवावं लागलं. चिठ्ठीतला पोटरीचा प्रश्न वाचून त्यांनी स्वतःच सांगितलं, डावी पोटरी चार दिवस सुजली आहे. मालिश केली नाही, लगेच दवाखान्यात जायला सांगितलं, त्यांच्या मुलीलाही फोन केला. कुपन तसंच जिवंत ठेवलं आहे. हवं तर पैसे मुलीच्या खात्यात परत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ज्यांचे दिवस ठरलेले नाहीत त्यांना फोन करायला घेतले. दुपारी दोन ते चार, बायका जरा मोकळ्या असतात तेव्हा.

कारणं ऐकण्यासारखी आहेत. एकीचं सुनेचं बाळंतपण. एकीकडे पाहुणे. बऱ्याच जणी म्हणाल्या, "चांगलं जपून ठेवलंय हो." कपाटात, देवघराच्या खणात, पासबुकात. आणि फार जणींचं एकच: "माझं काय एवढं, मी मुलीलाच देते."

यावर मी बराच विचार केला. मुलीने आईला दिलेलं आई परत मुलीला देणार, ते रोखायचं का? नाही. एकदा तिच्या हातात गेलं की ते तिचं. कुणाला द्यायचं हा तिचा अधिकार. पण फोनवर आधी एकदा तिला स्वतःला बोलवायचं: "काकू, तुमच्यासाठी बुधवारी अकराची वेळ ठेवलीये, मावशींना सांगून ठेवलंय." वेळ राखून ठेवली म्हटलं की नाही म्हणणं जड जातं, कारण दुसऱ्याची वेळ वाया घालवायची नाही हे याच बायकांच्या अंगात मुरलेलं असतं. आज फोन केलेल्यांपैकी बहुतेक जणींनी तारीख घेतली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

लग्नसराई. केळवणाला नवरीच्या मैत्रिणी कुपन देतायत, हे आपल्या डोक्यात नव्हतं. नवरीला हळदीच्या दोन-तीन दिवस आधीची वेळ सुचवते. अगदी आदल्या दिवशी नको, तेलकट त्वचेवर मेंदी नीट चढत नाही.

आणखी एक मागणी आहे, आणि ती मला सगळ्यांत जवळची वाटते: बाळंतिणीसाठी दहा दिवसांची मालिश भेट. ऑफिसातल्या मैत्रिणी बाळाला झबली-टोपडी आणतात, आईकडे कोण बघतं? पूर्वी सव्वा महिना मालिशवाली बाई घरी यायची, तेल, शेक, ओवा-शेपाची धुरी, बाळाची अंघोळ सगळं तीच बघायची. आता अशी बाई मिळणं अवघड आणि महाग. पैसे पाच-सहा जणींनी मिळून भरले की जमतं. थोरल्या मावशींनी तीस वर्षं हेच काम केलंय.

पण याचे नियम वेगळे हवेत. तारीख आधी ठरवता येत नाही, बाळ त्याच्या वेळेने येतं. सिझेरियन असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोटाला हात नाही, सुरुवात हात-पाय-पाठ-डोक्यापासून. धुरी बंद खोलीत नको, बाळ तर त्या धुरात अजिबात नको. मावशींना हे पटायला वेळ लागला, पण पटलं. आणि सकाळच्या ठरलेल्या वेळी मावशी दहा दिवस एकाच घरी जाणार म्हणजे केंद्रावरच्या दोन जागा जातात. म्हणून एका वेळी एकच बाळंतीण. या कुपनाचा नमुना वेगळा करायचा, रंग हिरवा.

१५ डिसेंबर, सोमवार

वही मांडली. दिवस ठरवून विकलेली जवळजवळ सगळी वापरली गेली. न ठरवता गेलेल्यांपैकी फोन करूनही अजून निम्मीच. ऑफिसची तीस होती, त्यांत सर्वांत जास्त रेंगाळलीत; देणारा माणूस समोर नसला की घेणारीला आच राहत नाही. त्या एचआरमधल्या मुलीशी बोलले. जानेवारीत दोन शनिवार त्यांच्यासाठी राखून ठेवते, ती यादी करून पाठवणार आहे. पुढच्या वर्षी ऑफिसची कुपनं दिवस लावूनच.

पोटरीवाल्या बाईंना खरंच गुठळी निघाली. औषधं चालू आहेत. मुलीने पैसे परत नको म्हटलं, डॉक्टर परवानगी देतील तेव्हा आई येईल. वर्ष उलटलं तरी त्यांचं कुपन चालणार, वहीत लाल शाईने लिहिलंय.

कुपनावर येऊन गेलेल्यांपैकी काही जणी आता स्वतःच्या पैशाने येतायत. ७१ वर्षांच्या आजी दर पंधरा दिवसांनी. त्यांनी दर विचारला, मी सांगितला, त्या काही बोलल्या नाहीत आणि पुढच्या गुरुवारची वेळ घेतली.

मावशींच्या बक्षिसीचे पन्नास वेळच्या वेळी जातात. धाकट्या मावशी म्हणतात, आता कुपनवाली आली की आम्ही एकमेकींत वाटून घेतो, भांडण नको. हे त्यांनीच ठरवलं.

५ जानेवारी २०२६, सोमवार

संक्रांत १४ तारखेला, मग रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. सोसायटीतल्या एका ताईंनी विचारलं, वाण म्हणून पंचवीस छोटी कुपनं मिळतील का, पंधरा मिनिटांची खांद्यांची मालिश? दर परवडणारा हवा.

आकडेमोड केली. पंधरा मिनिटांसाठी कुणी रिक्षा करून येणार नाही, आणि आल्या तर कपडे बदलण्यातच पंधरा मिनिटं जातील. यातली बरीच कुपनं वाया जाणार हे आत्ताच दिसतंय, म्हणून नाही म्हटलं. त्याऐवजी आम्हीच येतो असं सुचवलं. १८ तारखेला रविवारी दुपारी तीन ते सहा, दोन मावशी, आतल्या खोलीत दोन स्टुलं. साडीवरूनच, तेल न लावता, मान-खांदे-डोकं, प्रत्येकीला दहा-बारा मिनिटं. वाण तिथल्या तिथे हातात पडतं आणि कुपन छापायलाच नको. दोघींच्या मिळून तीन तासांत पंचवीस-तीस जणी होतात. ताई खूश. निम्मे पैसे आज घेतले, पावती दिली.

सामान: दोन स्टुलं त्यांच्याकडची, उंची बघून यायची. पंचे सहा. चिठ्ठ्या मोठ्या अक्षरातल्या. तब्येतीचे प्रश्न तिथेही विचारायचे, मानेचा पट्टा लावणाऱ्या दोघी-तिघी असतातच. मावशींना दुपारचं जेवण लवकर.